बारा बोल्टांचं हेल्मेट

जुन्या पाणबुड्याचा पोशाख चित्रात पाहिला की चिलखत वाटतं. तांब्याचं गोल डोकं, जाड काचा, पितळी बोल्ट, शिशाचे बूट. समुद्राचा दाब अडवायला एवढा जामानिमा केला असणार, असा बहुतेकांचा समज होतो. खरं तर गळ्याखालचा सगळा पोशाख म्हणजे रबर लावलेल्या कापडाची पिशवी आहे. ती दाब अडवत नाही, अडवूही शकत नाही. दाबाला तोंड देते ती आत भरलेली हवा, आणि ती हवा काठावरची माणसं पंप फिरवून क्षणाक्षणाला खाली पाठवत असतात. पुस्तकात हे एका ओळीत वाचून होतं. मी ते साउदॅम्प्टनजवळ राहत असताना अंगावर घेऊन पाहिलं. पाणी साचलेल्या एका जुन्या दगडखाणीत, असली साधनं दुरुस्त करून चालू ठेवणाऱ्या हौशी मंडळींबरोबर.

इंग्लंडच्या त्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला हा विषय टाळता येत नाही. पोर्ट्समथसमोरच्या स्पिटहेडच्या पाण्यात १७८२ मध्ये ‘रॉयल जॉर्ज’ ही युद्धनौका नांगरावर उभी असतानाच बुडाली आणि शेकडो माणसं गेली. तिचा सांगाडा पुढे अर्धं शतक जहाजांच्या वाटेत पडून होता. दरम्यान चार्ल्स डीनने १८२३ मध्ये आगीच्या धुरात शिरण्यासाठी एका हेल्मेटचं पेटंट घेतलं. तेच हेल्मेट सुधारून तो आणि त्याचा भाऊ जॉन पाण्यात उतरू लागले. १८३६ मध्ये कोळ्यांची जाळी तळाशी कशात अडकतात ते बघायला जॉन डीन खाली गेला आणि त्याला आठव्या हेन्री राजाच्या ‘मेरी रोझ’ या बुडालेल्या युद्धनौकेची लाकडं आणि तोफा सापडल्या. पण डीन बंधूंचं हेल्मेट खालून उघडं होतं. जादा हवा कडेने निघून जायची. माणूस ताठ उभा असेतो ठीक, वाकला किंवा पडला की पाणी थेट नाकातोंडात. सॅक्सनीतून लंडनला येऊन स्थायिक झालेल्या ऑगस्टस सीब या कारागिराने हेल्मेट आणि पोशाख एकमेकांना घट्ट जोडून आतली जागा बंद केली. १८३९ ते १८४३ या काळात कर्नल पास्ली यांच्या हाताखालच्या सैनिकांनी ‘रॉयल जॉर्ज’ तुकड्यातुकड्याने उडवून आणि उचलून काढली, तेव्हा हा बंद पोशाख कामाला उतरला. पुढची सव्वाशेहून अधिक वर्षं त्यात मुळातून काहीच बदललं नाही. मला घातला तो पोशाखही त्याच घराण्यातला, सीब-गॉर्मन कंपनीच्या बारा बोल्टांच्या नमुन्याचा.

आधी कागदपत्रं. हृदय, दमा, कान, सायनस, जुनी ऑपरेशनं असा सगळा तपशील लिहून डॉक्टरांची सही आणायची होती. कानांबद्दल फार खोलात विचारलं आणि त्याचं कारण मला खाली गेल्यावर समजलं. मी तारकर्लीला स्कूबा केलेलं होतं, ते सांगितल्यावर माझा टेंडर म्हणाला, ‘‘ते विसर. तिथे तू तरंगतोस. इथे तू चालणार आहेस.’’ टेंडर म्हणजे पाणबुड्याला पोशाख चढवणारा, त्याची दोरी हातात धरणारा आणि तो वर येईपर्यंत त्याच्यावरून लक्ष न काढणारा माणूस. माझा टेंडर पंचाहत्तरीकडे झुकलेला होता. तरुणपणी त्याने बंदरांच्या भिंती आणि दरवाजे दुरुस्त करताना हाच पोशाख वापरला होता, नोकरी म्हणून. माझ्याबरोबर माझी सोळा वर्षांची मुलगी आली होती, तिला त्याने लगेच पंपावरच्या माणसांकडे पाठवून दिलं.

अंगात आधी जाड लोकरीचं गंजीफ्रॉक, लोकरीची लांब पॅन्ट, गुडघ्यापर्यंत मोजे आणि डोक्यावर लाल लोकरी टोपी. मग ड्रेस. याला पुढे-मागे कुठेही चेन नाही, बटण नाही. आत शिरायची वाट एकच, गळ्याची. दोघांनी दोन बाजूंनी रबरी कॉलर ताणून धरली आणि मी त्यात पाय घालून उतरलो. कापड म्हणजे ट्विलचे दोन थर आणि मध्ये रबराचा एक. हात मनगटाशी येऊन अडकले. तिथे रबरी कफ असतात, पाणी आत येऊ नये इतके घट्ट. टेंडरने बादलीतला मऊ साबण माझ्या हातांना चोळला, स्वतःची चार बोटं कफमध्ये घालून तो फाकवला आणि म्हणाला, ‘‘ढकल.’’ पंजे उघडेच राहतात. हातमोजे नाहीत. सगळं काम उघड्या बोटांनी करायचं असतं आणि त्या दिवशी पाणी नऊ अंश होतं.

मग मला स्टुलावर बसवलं. पोटऱ्यांमागच्या नाड्या आवळून बांधल्या. हे का, असं विचारलं तर उत्तर मिळालं, ‘‘पायात हवा जाऊ नये म्हणून.’’ पायांच्या भागात हवा साठली की पाय वर आणि डोकं खाली होतं, आणि त्या अवस्थेत हवा सोडायचा व्हॉल्व्ह सगळ्यात खाली जातो. म्हणजे हवा बाहेर पडायचा मार्गच राहत नाही. ड्रेस फुगतो, हात पसरून ताठ होतात आणि माणूस उलटा वर फेकला जातो. जुन्या पाणबुड्यांच्या जिवावर बेतणाऱ्या गोष्टींत ही अगदी वरच्या क्रमांकाची. एक साधी नाडी ते टाळते.

खांद्यावर गादी, त्यावर कॉर्सलेट, म्हणजे छाती-पाठीवर बसणारी तांब्याची कॉलर. तिच्या कडेने बारा बोल्ट वर तोंड करून उभे असतात. ड्रेसच्या रबरी कॉलरीला बारा भोकं, ती एकेक करून बोल्टांवर ओढून बसवली. वरून पितळी पट्ट्या चार तुकड्यांत ठेवल्या आणि चाव्या फिरवून नट आवळले. समोरासमोरचे नट आलटून पालटून घेतात, सलग एका बाजूने नाही. इथे रबर नीट दाबलं गेलं नाही तर बाकी सगळं व्यर्थ आहे, म्हणून या कामाला घाई नव्हती. पहिला टेंडर आवळून गेला की दुसरा त्याच बारा नटांवरून पुन्हा हात फिरवून गेला, न बोलता. तेवढ्यात तिसऱ्याने बूट चढवले. एकेक बूट आठ किलोंचा, तळ शिशाचा, पुढे पितळी टोपी. कमरेला पट्टा, पट्ट्यात पितळी म्यानात सुरी.

हेल्मेट एका बाजूला वळवून डोक्यावरून खाली आणतात आणि आठवा हिस्सा फिरवलं की ते समोर येऊन कॉर्सलेटच्या आट्यांत बसतं. मागे एक खिट्टी पडते, म्हणजे आपोआप उलटं फिरणार नाही. समोरची खिडकी अजून उघडी होती, तिच्यातून टेंडरचा चेहरा दिसत होता. मग छातीवर आणि पाठीवर शिशाची वजनं, सुमारे अठरा किलोंची एक. सगळं मिळून अंगावर ऐंशी किलोंच्या आसपास. मी बसलो होतो तरी मणक्यात भार कळत होता. माझा चष्मा त्याने उतरवून ठेवला. हेल्मेटमध्ये चष्मा घसरला तर तो सावरायला बोट आत जाऊ शकत नाही. नाक खाजवता येत नाही, घाम पुसता येत नाही.

खिडकी बंद करायच्या आधी तो पंपाकडे वळून ओरडला. पंप म्हणजे एक लाकडी पेटी, आत सिलिंडर, आणि रस्त्यावरच्या उसाच्या हातचरकाला असतात तशी बाहेर दोन बाजूंना मोठी चाकं. चाकं फिरली आणि डोक्यामागून हवा आली. तिला चामड्याचा आणि तेलाचा वास होता. पंपातले चामडी वायसर तेलावर ठेवतात, तोच वास नळीतून खालपर्यंत येतो. आधी हवा, मग काच, हा क्रम कधीच उलटा करत नाहीत. समोरची जाड काच आट्यांवर फिरवून बसवली, आणि बाहेरचं जग एकदम गप्प झालं. राहिला तो फक्त हवेचा आवाज, आणि तो चांगलाच मोठा असतो. प्रत्येक फेऱ्याला एक फुसका, पुन्हा एक फुसका. टेंडरने हेल्मेटच्या माथ्यावर हाताने थाप मारली. निघ.

शिडीवरून उलटं उतरायचं. पाणी मांड्यांपर्यंत आलं तशी ड्रेसमधली हवा वर सरकली आणि कापड पायांना चहूबाजूंनी आवळू लागलं. पाण्याचा दाब म्हणजे काय ते तिथे पायांच्या कातडीला कळलं. कमरेपर्यंत गेलो आणि अंगावरचं ओझं उतरलं. छातीपर्यंत गेलो आणि त्या ऐंशी किलोंचं कारण उमगलं, कारण आता मी बुडतच नव्हतो. एवढी हवा आत असताना एवढंच वजन माणसाला खाली नेऊ शकतं. उजव्या कानाच्या वर आत एक बटण असतं, हवा सोडायच्या व्हॉल्व्हचं. ते डोक्याने दाबलं की बुडबुडे सुटतात. मी दाबलं आणि खाली गेलो.

दीडेक मीटरवर कान दुखू लागले. स्कूबात नाक चिमटीत धरून कान मोकळे करतो. इथे हात बाहेर आणि नाक आत. जुनी रीत अशी की नाकपुडी हेल्मेटच्या आतल्या कडेवर दाबायची आणि फुंकायचं, नाहीतर आवंढा गिळायचा, जांभई द्यायची. टेंडरने हे काठावर तीनतीनदा करून दाखवलं होतं. तांब्याची थंड कड नाकाला लागली, कान सुटले, आणि मी पुढे सरकलो. काचेवर वाफ धरली तर डाव्या बाजूला एक तोटी असते, ती उघडून तोंडात थोडं पाणी घ्यायचं आणि काचेवर फुंकायचं. तेही केलं. खाणीचं पाणी गोडं असतं, समुद्रात हेच खारं तोंडात घेऊन माणसं दिवस काढत.

तळ सहा मीटरवर होता. सहा मीटरवर दाब जमिनीवरच्या १.६ पट. दोरीला एक हिसका दिला, पोचलो. वरून एक हिसका आला, बरा आहेस ना? पुन्हा एक. चार हिसके म्हणजे वर येणं. टेलिफोनही होता, पण हवेच्या आवाजात शब्द कळत नाहीत. नीट ऐकायचं तर पंप क्षणभर थांबवायला सांगावं लागतं. मला दोरीच बरी वाटली.

चालायचं असं की सगळं अंग पुढे झोकून द्यायचं आणि बोटांनी मागे रेटायचं. ताठ उभं राहून पाऊल टाकलं तर जागच्या जागी राहतो. दोन पावलांत गाळ उठला आणि दिसणं संपलं. मला काम दिलं होतं ते साखळीचा शॅकल, म्हणजे पिनने बंद होणारी जोडकडी, सोडवून पुन्हा लावायचं. हाताने चाचपत साखळी शोधली. पिनचे आटे बोटाला लागत होते, पण थंडीने बोटांत जोर नव्हता. आणि हे करताना डोकं दुसऱ्याच कामात गुंतलेलं असतं. हवा जास्त झाली की पाय जमिनीवरून सुटू लागतात, मग बटण दाबा. जास्त सोडली की ड्रेस छातीला आवळतो, श्वास जड होतो, मग थांबा. वाकलो की हवा पाठीत जमते, उठलो की डोक्याकडे धावते. हा तोल एक क्षणही कुणी तुमच्यासाठी सांभाळत नाही. काम हातांचं आणि तोल डोक्याचा, दोन्ही एकाच वेळी आणि अंधारात.

त्या गाळात गुडघ्यावर बसलो असताना मला विल्यम वॉकर आठवला. विंचेस्टर माझ्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर, तिथल्या कॅथीड्रलमध्ये मी अनेकदा गेलो होतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते कॅथीड्रल खचू लागलं, भिंतींना तडे गेले. पाया दलदलीत होता आणि खणलं की खड्ड्यात पाणी भरायचं. पाणी उपसलं तर भिंतीच कोसळल्या असत्या. म्हणून फ्रान्सिस फॉक्स या इंजिनीयरने पाणबुडा उतरवायचा मार्ग सुचवला. वॉकर १९०६ ते १९११ त्या खड्ड्यांमध्ये काम करत राहिला. साधारण मी होतो तेवढ्याच खोलीवर, पूर्ण काळोखात, हाताने चाचपत. काँक्रीटच्या पंचवीस हजारांहून जास्त पिशव्या आणि लाखाच्या वर ठोकळे त्याने भिंतींच्या पायात रचले, असं तिथे सांगतात. जेवणाच्या सुट्टीत तो फक्त हेल्मेट काढून पाईप ओढायचा, कारण पूर्ण पोशाख उतरवून पुन्हा चढवण्यात वेळ गेला असता. मी एक शॅकल सोडवून लावला तेवढ्यात माझे हात गळून गेले होते. तो रोज सहा तास हे करत होता, आणि आज लोक ज्या भिंतींकडे मान वर करून बघतात त्या त्याच्या बोटांवर उभ्या आहेत. मोठमोठ्या खजिन्यांच्या गोष्टी पाणबुड्यांबद्दल सांगितल्या जातात, पण माझ्या मते या पोशाखाचं सगळ्यात मोठं काम त्या काळ्या खड्ड्यात झालं.

वर येताना मला वाटेत टप्प्याटप्प्याने थांबावं लागलं नाही, सहा मीटरवरून थोड्या वेळाने वर येण्यात धोका नसतो. जास्त खोलीवर गोष्ट फार वेगळी होती आणि ती कळायला माणसांना खूप मोल द्यावं लागलं. ‘रॉयल जॉर्ज’वरच्या सैनिकांचे सांधे दुखायचे, ते संधिवात आणि सर्दीच्या खाती लिहिलं गेलं. एजियन समुद्रातले ग्रीक स्पंज काढणारे १८६० च्या दशकापासून हा पोशाख घालू लागले आणि तरुण पोरं लुळी होऊन किंवा मरून घरी आली. ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या प्राचीन जहाजातून १९००-०१ मध्ये ज्यांनी पुतळे आणि ते प्रसिद्ध दंतचक्रांचं यंत्र वर आणलं, त्यांच्यातला एक जण मेला आणि दोघांना पक्षाघात झाला. पॉल बेअर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच दाखवून दिलं होतं की दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर आल्यावर बुडबुडे होऊन बाहेर पडतो. पण किती खोलीवरून किती वेळात यायचं, हा हिशेब शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन यांनी ब्रिटिश नौदलासाठी केला. बकऱ्यांवर प्रयोग, मग स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत नौदलातल्या डॅमंट आणि कॅटो या दोघांना थेट २१० फुटांपर्यंत उतरवणं, आणि १९०८ मध्ये छापलेली कोष्टकं. स्कॉटलंडच्या त्या १९०६ च्या मोहिमेत हाल्डेन यांच्या तेरा वर्षांच्या मुलानेही हा पोशाख घालून बुडी मारली. ड्रेस त्याला मोठा होता, कफमधून पाणी शिरलं, आणि तो भिजलेला वर आला. हाच मुलगा पुढे शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन झाला, भारतात येऊन भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला.

नळी फुटण्याचं भय त्याहूनही जुनं. आत येणारी हवा परत जाऊ नये म्हणून हेल्मेटमागे एक झडप असते. ती नसेल आणि वर नळी फुटली, तर आतली हवा नळीतून सुटते आणि पाण्याचा सगळा दाब त्या मऊ पिशवीवर येतो. तांबं वाकत नाही, म्हणून माणूसच हेल्मेटमध्ये दाबला जातो. ‘रॉयल जॉर्ज’वर एका सैनिकाचं असं झालं होतं, चेहरा आणि मान सुजून रक्ताळलेला तो वर आला. मला उतरवण्याआधी टेंडरने ती झडप तोंडाने फुंकून आणि ओढून दोनदा तपासली, आणि मला पाहायला लावलं.

शिडीच्या पायरीवर डोकं पाण्याबाहेर आलं की सगळं वजन एकदम परत येतं. शेवटच्या चार पायऱ्या मला दोघांनी काखेत हात घालून चढवल्या. स्टुलावर बसलो, काच निघाली, आणि थंड वारा तोंडावर आला. पहिला प्रश्न माझ्या मुलीचा होता. ती सगळा वेळ पंपाच्या दांड्यावर होती, केस घामाने कपाळाला चिकटलेले.

‘‘बाबा, हवा कमी नाही ना पडली? मधे आम्ही माणसं बदलली, तेव्हा मला भीती वाटली.’’

कमी पडली नव्हती. खाली तो बदल मला जाणवला होता, फुसक्याची लय अर्धा सेकंद अडखळली आणि पुन्हा लागली. मी तिला तसं सांगितलं. तिने दांडा धरलेले तळवे उघडून दाखवले, दोन्हींवर फोड आले होते.

पोशाख उतरल्यावर पंपावर जायचं, हा त्या मंडळींचा नियम आहे. जो उतरतो तो फिरवतोही. मी मुलीच्या जागी उभा राहिलो. पहिल्या मिनिटाला सोपं वाटतं. माणूस खाली जायला लागला की दांडा जड होत जातो, आणि पेटीवरच्या काट्यावर खोली फुटांमध्ये चढत जाते. हाल्डेन यांनी काढलेला नियम असा की पाणबुड्याला त्याच्या खोलीवरच्या दाबाला मोजून मिनिटाला दीड घनफूट, म्हणजे सुमारे ४२ लिटर हवा मिळाली पाहिजे. नाहीतर त्याच्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड हेल्मेटमध्ये साचून तो धापा टाकू लागतो. त्याआधी खोलवर गेलेल्या माणसांचं थकून जाणं सगळे दाबावर ढकलत असत, आणि खरं कारण पुरेसा न फिरलेला पंप असे. सहा मीटरवर आम्हाला वरची ६८ लिटर हवा पाठवावी लागत होती. साठ मीटरवर तीच तीनशेच्या जवळ जाते, आणि तिथे दोन पंप एका नळीला जोडून माणसांच्या पाळ्या लावत.

माझ्या समोरच्या दांड्यावर एक निवृत्त शिक्षिका होत्या, माझ्यापेक्षा वयाने मोठ्या आणि लयीत पक्क्या. काटा वीस फुटांवर स्थिरावला. टेंडरने दोरीला एक हिसका दिला, खालून एक परत आला. मी हात पुसायला दांडा सोडणार तोच बाई म्हणाल्या, ‘‘आत्ता नाही. आधी बदली येऊ दे.’’ मुलगी पुढे आली, तळव्यांना चिकटपट्ट्या लावून, आणि तिने दांडा पक्का धरल्यावरच मी माझा हात काढला.